बेचाळिसावं पाऊल

दुधराम थांबला. चेंडू त्याच्याच पायाशी होता, पुढं रेल्वेवाल्यांचा एकही माणूस नव्हता. त्यांचा बॅक मागं धुळीत गुडघ्यांवर बसला होता, गोलकीपर पुढं यावं की मागं सरावं या घोळात अर्धवट वाकून उभा होता आणि राइस मिलच्या भिंतीवर बसलेल्या हमालांनी ओरडण्यासाठी तोंडं उघडून ठेवली होती. अशा वेळी दुधराम थांबला. अडखळला नाही, पडला नाही, दमला तर मुळीच नाही. संध्याकाळी बैल आपल्या गोठ्याच्या दाराशी आपसूक थांबतो तसा थांबला, अंगाचा एक झोकदार वळसा घेऊन मागं फिरला आणि मैदानाच्या मधोमध, जिथं चिटपाखरूही नव्हतं, तिथं चेंडू देऊन मोकळा झाला. भिंतीवरची तोंडं क्षणभर तशीच उघडी राहिली. मग त्यांतून शिव्या बाहेर आल्या.

ईश्वरदासच्या दातांखाली तेव्हा धानाचा एक दाणा होता. सवयच ती. मिलमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोत्यात लोखंडी पोकळ परखी खुपसायची, नळीतून तळहातावर आलेल्या मूठभर धानातला एक दाणा दाढेखाली धरायचा आणि फोडायचा. कोरडा असला तर कट् असा आवाज येतो, ओल असली तर येत नाही. सत्तावीस वर्षं तो या आवाजावर जगत आला होता. गोंदियाच्या कुठल्याही मिलमध्ये जा, ईश्वरदासनं चावलेल्या धानावर दुसरं कुणी दात ठेवत नाही असं लोक म्हणायचे, आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आज दुधराम थांबला त्या क्षणी त्यानं दाणा फोडला. फोडला हे जिभेला कळलं. आवाज मात्र आला की नाही, ते त्याला सांगता येईना. भिंतीवरच्या गोंगाटात बुडाला असेल. किंवा आलाच नसेल. त्यानं कोंडा थुंकला आणि खिशातून दुसरा दाणा काढला, पण तो दातांखाली धरायचं धाडस होईना.

खेळ संपल्यावर छोटेलालबाबू आले. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करणारा हा माणूस इथल्या रेल्वे क्लबाचा सेक्रेटरी होता आणि काखेत कायम एक पुठ्ठ्याची फाइल घेऊन हिंडायचा. नागपूरच्या टीमला राइट आउट हवा होता. घेतला तर रेल्वेत खलाशाची, म्हणजे हमाली-मजुरीची नोकरी, राहायला खोली. आसपासच्या चार टेशनांतून एकेक नाव जायचं होतं, आणि गोंदियाचं नाव सांगायचं काम छोटेलालबाबूंनी ईश्वरदासवर टाकलं होतं. मिलची टीम तोच बांधायचा, तोच शिकवायचा.

“ईश्वरदासजी, घोडा तो बढ़िया है. मगर दौडता क्यों नहीं?”

“धावते बाबू. गुरुवारी तुमी सोताच पाह्यलं ना!”

“गुरुवार को दौडा. इतवार को खडा हो गया.” छोटेलालबाबूंनी फाइलमधून छापील कागद काढला. “हमको इतवारवाला चाहिए. ये देखो, दो खाने हैं. इसमें शरीर, इसमें खेल. अगले इतवार की मॅच के बाद भर के दो. सोमवार सुबह की गाडी से जाएगा. आदमी भी उसीसे जाएगा, अगर जाएगा तो.”

अगर. कागद हातात घेऊन ईश्वरदास उभा राहिला. दोन्ही चौकोन सारखेच मोठे होते. कुणीतरी पट्टी लावून आखले असणार.

गुरुवारचं सगळं त्याला आठवत होतं, आणि अडचण तीच होती. गुरुवारी त्यानं दुधरामला छोट्या लाइनीच्या कडेनं ढकलट्रॉलीबरोबर पळवलं होतं. चार जण मागून ढकलत होते तरी ट्रॉली मागं पडली. छातीइतक्या उंच पोत्यांच्या थप्पीवरून पोरगा नुसत्या पावलांवर उडाला, वर पोचल्यावर शरमून हसला आणि हात झटकत खाली आला. ईश्वरदासनं त्याच्या मनगटावर बोट ठेवलं होतं. नाडी जलद चालली होती, पण एका लयीत, आणि दोन मिनिटांत जागेवर आली. एकोणीस वर्षांचं वय, टाचा भेगाळलेल्या, पोटऱ्या लांब आणि वरच्या अंगाला बांधलेल्या, कमरेत कुठं अडकण नाही. असं अंग त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. गुरुवारी त्यानं मनातल्या मनात पहिला चौकोन भरूनही टाकला होता.

*शरीर : पूर्ण.*
*खेळ :*

आणि आज थांबला. एकदा नव्हे. हाफटाइमच्या आधी दोनदा, नंतर एकदा. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी.

घरी जमुनाबाईनं ताट वाढलं आणि समोर बसून ती तोंडाकडं पाहत राहिली. भात निवला.

“जेवता का त्या पोराच्या पायाचाच इचार करत बसता?”

“अंग सोन्यासारखं आहे गं. मंग मैदानात काय होते त्याले?”

“तुमाले कोनाचं अंग समजते मोठं!” ती म्हणाली. “मले पाह्याले आलते तवा घरी जाऊन काय सांगतलं होतं? पोरगी लाजरी आहे, सावकाश पाय टाकते. सांगतलं होतं का नाई?”

“सांगितलं होतं.”

“आदल्या दिवशी माह्या अंगठ्यावर पाटा पडला होता. नख निंगालं होतं. मनून सावकाश चालून राहिली होती मी.”

ईश्वरदासनं मान वर केली. सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं तो एका लाजऱ्या बाईबरोबर राहत होता. ती मोठ्यानं बोलली, भांडली, शेजारणीच्या दारात जाऊन तिला दटावून आली, तरी त्यानं ते वरवरचं मानलं होतं, कारण आतली खरी ती त्या पहिल्या दिवशी ओटीवरून पाण्याचा तांब्या घेऊन सावकाश आली होती. “मंग तवाच काऊन नाई सांगितलं?” त्यानं विचारलं. “इचारलं कोनी?” असं म्हणून तिनं त्याच्या भातावर आणखी वरण ओतलं. तो जेवला. पण घास चावताना प्रत्येक वेळी त्याला वाटत होतं की आपण काहीतरी ऐकायचं विसरतो आहोत.

केवळरामचं पानाचं दुकान टेशनाबाहेर, पुलाच्या पायऱ्यांखाली. सोमवारी मिलकडं जाताना ईश्वरदासनं नेहमीसारखा दुसरा रस्ता धरला नाही. चार वर्षं तो शक्यतो दुसरा रस्ता धरायचा. चार वर्षांपूर्वी असाच छापील कागद आला होता आणि त्यानं केवळरामचं नाव दिलं होतं. तेव्हाचा केवळराम! चेंडू त्याच्या पायाला चिकटायचा. डावीकडं बघून उजवीकडं द्यायचा, तीन तीन माणसं आपापसांत धडकवायचा. त्याचा खेळ पाहून अंगाकडं बघायची कुणाची छाती? पण ईश्वरदासनं पाहिलं होतं. एकदाच. याच पुलाच्या पायऱ्या दोघं उतरत होते आणि केवळराम तिरका उतरत होता. एक पाय खाली ठेवायचा, दुसरा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा, मग पुढची पायरी. लहान पोरं उतरतात तसा. ईश्वरदासनं ते पाहिलं, त्याला ते कळलं आणि त्यानं ते लिहिलं नाही. आठ महिन्यांनी केवळराम गुडघा बांधून परत आला. तेव्हापासून ईश्वरदास खेळाला भुलायचा नाही. आधी अंग. ट्रॉली, थप्पी, नाडी. आणि आता अंग असं मिळालं होतं की त्यात बोट ठेवायला जागा नाही, तर खेळच थांबला होता.

“या काकाजी! आज सूर्य कुठून निंगाला?” केवळराम हसला. त्याचं हसणं चार वर्षांत जरासुद्धा कमी झालं नव्हतं, आणि ईश्वरदासला तेच सोसत नसे. “दुधरामाचं इचाराले आले ना? मी पाह्यलं काल. ब्रेक लागला गाडीले.”

“काय होते त्याले?”

“तुमी जागा पाहून राहिले काकाजी. जागा नोका पाहू. पावलं मोजा.”

“मनजे?”

“मी एवढंच सांगतो. पाय गेलेला मानूस दुसऱ्याचे पायच पाह्यते.” त्यानं पानाला चुना लावला, कात लावला, दुमडून पुढं केलं. ईश्वरदासनं पान घेतलं, पण तोंडात घातलं नाही. आणि मग ठरवलं नसताना, सकाळच्या पॅसेंजरची माणसं पायऱ्यांवरून उतरत असताना, तो बोलून गेला.

“केवळराम, चार वर्षांमागं तू या पायऱ्या तिरपा उतरत होता. मी पाह्यलं होतं.”

केवळरामनं दुसरं पान हातात घेतलं. “मले मालूम आहे जी.”

“काय मालूम आहे?”

“तुमी पाह्यलं ते. माह्याकडं पाहून लगेच मान फिरवली. त्या राती मी देवाले नारळ कबूल केला, का काकाजीनं हे लिवू नोये. तुमी नाई लिवलं. आठ महिने खेळलो ना काकाजी! दहा हजार मानूस पाह्याले बसलेला. लिवलं असतं तं तेबी नसतं भेटलं.” मग तो एका गिऱ्हाइकाकडं वळला आणि त्याच आवाजात म्हणाला, “तंबाखू टाकू का बिनातंबाखूचं?”

ईश्वरदास मिलकडं निघाला. चार वर्षं जे ओझं म्हणून वाहिलं ते ज्याचं होतं त्यानं ओझं मानलंच नव्हतं. मग ते हलकं व्हायला हवं होतं. पण झालं असं, की ओझं तसंच राहिलं आणि फक्त ते कशाचं आहे हे कळेनासं झालं. त्या दिवशी त्यानं चाळीस पोत्यांत परखी खुपसली आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात आलं, नळी पोचते तेवढंच आपल्याला कळतं. नळी एक हात लांब आहे. पोतं दोन हात.

मंगळवारी संध्याकाळी सरावाला त्यानं पावलं मोजली. धान मापताना मोजतात तशी मोजली, कारण दुसऱ्या तऱ्हेनं मोजायला त्याच्या तोंडाला येतच नव्हतं. एकाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. दुधराम चेंडू घेऊन निघाला. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. थांबला. वळला. ईश्वरदासनं पुन्हा पळायला लावलं, दुसऱ्या कोपऱ्यातून. बेचाळीस. मैदानाच्या उतरत्या बाजूनं. बेचाळीस. चेंडू काढून घेतला आणि नुसतं पळायला सांगितलं, तर पोरगा सरळ लोको शेडपर्यंत गेला आणि तिथून हात हलवू लागला.

“दुधराम, तू थांबते काऊन?”

“मी कुठं थांबतो जी?” दुधराम खरोखर गोंधळला. “मी तं वळतो.”

“आन् वळून देते कोनाले? तिथी कोनी नसते.”

दुधरामनं मैदानाकडं पाहिलं. “आमच्या गावी तिथी कोनी ना कोनी असते,” तो म्हणाला.

*शरीर : पूर्ण.*
*खेळ : चांगला आहे, परंतु बेचाळीस*

खोडलं. वेगळ्या चिठोऱ्यावर लिहिलं होतं, म्हणून बरं. छापील कागद अजून कोरा होता.

गुरुवारी मिलमधून सुट्टी घेऊन तो आमगावच्या गाडीत बसला. दुधराम बरोबर होता. आमगावला उतरून दोन कोस पायी दुधरामचं गाव. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, चौकोन, चौकोन, चौकोन, प्रत्येकाभोवती मातीचा गुडघाभर धुरा. पावसात या धुऱ्यांनी पाणी धरून ठेवायचं, धान उभं राहायचं. आता पाणी नव्हतं, धान नव्हतं, नुसते धुरे होते. ईश्वरदास जन्मभर धान चावत आला होता, पण बांधीकडं असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडं धान पोत्यातून यायचं.

दुधरामची माय धुरपता पाटलाच्या खळ्यावर धान उफणत होती. ती आली, पदरानं कोंडा झटकत. “तुमीच का ते दात असलेले?” तिनं विचारलं. दुधराम लाजला. “ह्यानं सांगतलं, दातानं पारखते मनून. माह्या पोराले चावून पाह्यलं का मंग?”

“पाह्यलं बाई. समजत नाई.”

“नाईच समजनार. मले एकोणीस वरसं झाली.” ती हसली, मग हसणं आवरून घेतलं. “नागपूरले घेत असन तं घेऊ द्या जी. येथी रोवणीचे दोन महिने, कापणीचा एक. बाकी वरीस तो त्या चेंडूपाशीच राह्यते. दुसऱ्याच्या बांधीत जनम काढाचा तं माह्यावानी निंगून जाते मानूस, मातीतल्या मातीत. पाय आहेत पोराले.”

गावची पोरं जमली. चिंध्यांचा, वर सुतळी आवळलेला चेंडू होता. ज्या बांधीत ती खेळायची ती गावातली सगळ्यांत लांब. चेंडू धुऱ्यावरून गेला की बाद, माणूस गेला तरी बाद. गोल म्हणून धुऱ्याच्या दोन खाचा, पण टोकाला नव्हे, लांबीच्या मधोमध, समोरासमोर, पाणी काढून द्यायच्या जागी. ईश्वरदास धुऱ्यावर बसला. दुधराम चेंडू घेऊन कोपऱ्यातून निघाला. लाभ, दोन, तीन. खुंटांवरून त्याचे अनवाणी पाय असे गेले की खुंट मोडल्याचा आवाज येईना. एक्केचाळीस, बेचाळीस. समोर धुरा आला, आणि दुधराम वळला.

तो वळसा! मैदानात जो शिव्या खात होता, तोच. इथं धुरा अंगावर येईपर्यंत पोरगा सरळ गेला, मागं लागलेली चार पोरं धुऱ्यावर जाऊन आदळली, आणि तो त्यांच्या मधून, पाण्यातला मासा बोटांमधून निसटावा तसा मागं सुटला. मधल्या खाचेपाशी खरंच कुणीतरी उभं होतं. चेंडू तिथं गेला. गोल. पुन्हा. गोल. सगळं खेळणं त्या एका वळशात साठलेलं होतं. बांधीनं शिकवलेलं. बांधी काढून घेतली तर काय उरेल? आणि ठेवली तर? ईश्वरदास उठला. त्यानं धोतराचा काचा आवळला आणि त्या बांधीतून सत्तेचाळीस वर्षांचे पाय घेऊन पळून पाहिलं. पोरं खिदळली. समोरचा धुरा जवळ येऊ लागला तसं त्याला वाटलं, पलीकडंही अशीच बांधी आहे, तिच्या पलीकडंही. हा धुरा कुणाला अडवत नाही. तरी त्याचे पाय आपोआप आखूड पडू लागले आणि तो थांबला. का थांबला? दम लागला म्हणून. बहुतेक दम लागला म्हणून.

परतताना गाडीत तो दुधरामला म्हणाला, “त्या मैदानात धुरा नाई.”

“मालूम आहे जी.”

“दिसत नाई ना तुले?”

“दिसत नाई. पायाले समजते.” मग खिडकीबाहेरच्या बांध्यांकडं पाहत, “नागपूरलेबी मैदान एवढंच असते का जी?”

“एवढंच. काई झालं तरी पुढं जायचं. काई झालं तरी.”

“हो जी,” दुधराम म्हणाला.

रविवारी भिंतीवर हमाल दुप्पट होते. ते दुधराम थांबताना पाहायलाच आले होते. पहिल्यांदा चेंडू मिळाला आणि तो सुटला तसे ते ओरडून मोजू लागले, त्यांनाही कुठूनतरी समजलं होतं, केवळरामकडूनच असणार. चाळीस! एक्केचाळीस! ईश्वरदासचे दात एकमेकांवर घट्ट बसले. बेचाळीस! आणि दुधराम उडाला. गुडघे छातीशी घेऊन, सपाट, मोकळ्या, काहीही नसलेल्या जमिनीवरून तो गुडघाभर उंचीचं काहीतरी ओलांडून गेला आणि पलीकडं उतरला. चेंडू आपल्या वाटेनं गोलकीपरच्या हातात. भिंत हसून हसून लोळली. “उड रे माकडा!” कुणीतरी ओरडलं. दुधरामनं ईश्वरदासकडं पाहिलं. गेलो ना पुढं, असं काहीतरी त्या नजरेत होतं, आणि ईश्वरदासनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाच कळलं नाही.

खेळ संपायला आला तेव्हा पुन्हा. या वेळी रेल्वेचा बॅक तिरका धावत आला आणि दुधरामच्या पायांत घसरला, दोन्ही तळवे पुढं करून, माणूस आडवा करायचाच म्हणून. नेमकं तेव्हा बेचाळिसावं पाऊल पडलं. दुधराम उडाला. बॅक त्याच्या खालून सपशेल निघून गेला, चेंडू दोन हात पुढं होता, दुधराम उतरला तो चेंडूवरच, आणि पुढं धावत जाऊन त्यानं गोलकीपरच्या डाव्या हाताकडून तो आत मारला.

भिंतीवर असा कल्लोळ उठला की मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

छोटेलालबाबू धावतच आले. “अरे वाह! क्या चकमा दिया! पहली बार झूठा कूदा, सबको हँसाया, दूसरी बार सच्चा! हम समझे नहीं थे, ईश्वरदासजी, ये तो कलाकार है!”

“बाबू,” ईश्वरदास म्हणाला, “तो चकमा नव्हता.”

“फिर क्या था?”

“तिथी धुरा आहे. त्याच्यासाठी. बेचाळिसाव्या पावलाले. बॅक तिथी आला हे आपलं नशीब. नसता आला तरी तो उडालाच असता. पुढंबी उडन, दर वेळी.”

छोटेलालबाबूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आप भी ना. मैदान में कविता मत करो. कागज भरो.”

मिलच्या काट्याशेजारच्या फळीवर कागद ठेवून ईश्वरदास बसला. छोटेलालबाबू डोक्यापाशी उभे. दूरवर दुधराम पोरांच्या गराड्यात होता, कुणीतरी त्याला खांद्यावर घेऊ पाहत होतं. पहिला चौकोन एका दमात भरला. पूर्ण. दुसऱ्यापाशी टाक थबकला. धुरा आहे असं लिहिलं, तर नागपूरला कागद वाचून हसतील आणि पोरगा परत दुसऱ्याच्या बांधीत. काहीच लिहिलं नाही, तर त्या पायऱ्या पुन्हा. पण पायऱ्यांचं आपण चूक केलं होतं की बरोबर? केवळरामनं तर त्यासाठी देवाला नारळ कबूल केला होता. आणि समजा नागपूरला कुणी शहाणा मास्तर भेटला आणि त्यानं ती उडी मोडून काढली, तर उडीबरोबर वळसा जाईल, वळशाबरोबर पाय जातील. समजा मोडून काढली नाही. समजा दर वेळी नेमका तिथं बॅक आला. या वेळी आपण सांगितलं तरी होतं. तोंडानं सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही. हे सांगणं झालं का? आत ओल असलेलं धान आपण कधी कट् म्हणून पास केलं असेल का, सत्तावीस वर्षांत, आणि कुणाला कळलंच नसेल? त्यानं खिशातला दाणा काढला, दाढेखाली धरला. फोडला नाही. तसाच धरून लिहिलं.

*शरीर : पूर्ण.*
*खेळ : उडी चांगली.*

“बस?” छोटेलालबाबू म्हणाले. “छोटा लिखा, मगर ठीक है.” कागद फाइलमध्ये गेला.

सोमवारी सकाळी धुरपता आली नाही, खळ्यावर काम होतं. तिनं भाकरी, मिरचीचा ठेचा आणि मुरमुऱ्यांचे लाडू रात्री घरी जाऊन आलेल्या दुधरामबरोबरच बांधून दिले होते. जमुनाबाईनं आपल्या पोराचा जुना कोट दिला होता. केवळराम दुकान पोराच्या भरवशावर टाकून पानांचं तबक गळ्यात अडकवून प्लॅटफॉर्मवर आला होता, पुलाच्या पायऱ्या उतरून, तिरका, एकेक पायरी दोनदा. त्यानं दुधरामच्या हातात एक गोड पान ठेवलं. “गुडघ्याले तेल लावत जा बापा,” एवढंच म्हणाला. दुधरामनं ईश्वरदासचे पाय धरले आणि विचारलं, “काकाजी, कागदात काय लिवलं जी?”

“उडी चांगली मनून.”

“बस?” पोरगा खूश झाला की हिरमुसला, ते कळलं नाही. “मंग उडत जाईन जी,” तो म्हणाला आणि लोटा घेऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या नळावर पाणी भरायला गेला.

तो तिथं असतानाच गाडीनं शिटी दिली. डबे हलले. दुधरामचा डबा पुढं होता, बोचकं आत, दार उघडं. लोट्यातलं पाणी सांडत दुधराम धावू लागला. गाडी, तिच्या बाजूनं लांबच लांब सपाट फरशी, आणि फरशीवरून तो पोरगा.

लाभ. ईश्वरदासच्या तोंडात ते आपोआप आलं. दोन, तीन. माणसं बाजूला होत होती. एक हमाल भिंतीला चिकटला. वीस. एकवीस. गाडीनं जोर धरला. कोटाचे पदर उडत होते. तीस. दाराच्या दांड्यापासून दुधराम तीन डबे मागं होता, मग दोन. चांगलं पळत होता. सुरेख पळत होता. सरळ जाऊ दे, ईश्वरदास म्हणत होता, की उडू दे? उडाला तर दांडा हातून निसटेल. थांबला तर गाडी गेली. आणि सरळ गेला तर? सरळ गेला तर जे इतके दिवस पाहिलं ते काय होतं? अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

पार्सलवाल्यांची हातगाडी मध्ये आली. खोके, त्यांवर बिडीपत्त्याचे गठ्ठे, माणसाच्या डोक्याहून उंच.

ईश्वरदास टाचा उंचावून, मान काढून पाहू लागला. हातगाडी सावकाश, एका चाकाचा कुईं कुईं आवाज करत निघून गेली. तिकडं गाडीच्या शेवटून चौथ्या डब्याच्या दारात दुधराम लोंबकळत होता, एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातात लोटा, आणि तोंडभर हसत होता. मग डबा वळणाआड गेला.

“केवळराम!” ईश्वरदासनं त्याचा दंड धरला. “तू तं त्या बाजूले होता. तुले दिसलं असन. उडाला का तो? का सरळ गेला?”

केवळरामनं तबकावरून मान वर केली. त्याच्या बोटांना कात लागला होता.

“मी पान लावून राहिलो होतो जी,” तो म्हणाला.

ईश्वरदासच्या दाढेखाली कालचा दाणा नव्हता, तरी त्यानं दात आवळले. मग तो मोकळ्या झालेल्या प्लॅटफॉर्मवरून मिलकडं निघाला, आणि पावलं मोजली जाऊ नयेत म्हणून मध्येच एकदा पाय बदलून घेतला.